उभा पाय

"परत हात लावला. रविवारी याला देऊ नका."

हे कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत मी वाटाणे सोलत बसले होते आणि शेजारच्या खोलीतले गोलीकाका कठड्यावर कोपरं टेकून स्वतःशीच पुटपुटले होते. परळच्या आमच्या चाळीमागे गिरणीची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे गिरणीच्या फुटबॉल टीमचं मैदान. खाली एक खेळाडू पेनल्टीचा सराव करत होता. त्याने चुन्याच्या ठिपक्यावर बॉल ठेवला, मागे गेला, मग पुन्हा पुढे येऊन बॉल जरासा फिरवला. परत मागे जाऊन धावत आला आणि मारला. बॉल थेट जाळ्यात.

"गोल झाला की," मी म्हणाले आणि आपण बोललो याचं मलाच नवल वाटलं.

"झाला गो. पण आधी ठेवलेला बॉल त्यालाच पटला नाय, म्हणून परत हात लावला. आज समोरचा गोली जांभया देतोय. रविवारी तो जागा असणार."

त्या रविवारी मात्र कॅप्टनने त्यांचं ऐकलं नाही. त्या मुलाने पेनल्टी बारवरून भिंतीबाहेर घालवली, आणि बॉल आमच्या चाळीच्या नळाजवळ येऊन पडला. कोणाच्या तरी कळशीला पोचा आला. आपलं खरं ठरलं की काका नेहमीच थोडे उदास होत.

गोलीकाकांचं खरं नाव चाळीत दोघा-तिघांनाच माहीत असेल. तरुणपणी ते गिरणीच्या टीमचे गोली, म्हणजे गोलकीपर होते, तेच नाव चिकटलं. उजव्या हाताची करंगळी कोणत्या तरी मॅचमध्ये मोडून वाकडी बसली होती, आणि चहाची बशी धरताना ती एकटीच बाहेर राही. पुढे ते कापडाच्या गोदामात कामाला लागले. टीमला शिकवणारा माणूस वेगळा होता, खेळाडू निवडणारे साहेब वेगळे. पण पेनल्टी कोणी मारायची, एवढी एक गोष्ट गोलीकाका ठरवत. तसा कुठे नियम नव्हता, रीत होती. मॅचच्या दिवशी ते खांद्यावर पंचा टाकून रेषेबाहेर उभे राहत. पेनल्टी मिळाली की कॅप्टन त्यांच्याकडे बघे. पंचा उजव्या खांद्यावर असेल तर नेहमीचा माणूस, डाव्या खांद्यावर घेतला तर दुसरा.

मी तेव्हा कॉलेजात होते. अप्पा गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि मुलीने इंग्रजी शाळेतच शिकायचं ही त्यांची हौस. त्यामुळे मी भायखळ्याच्या सिस्टरांच्या शाळेत वाढले. चाळीतल्या मुली मला मड्डम म्हणत. मी मराठी बोलले की त्या हसत, इंग्रजी बोलले की गप्प होत. दोन्ही गोष्टी मला सारख्याच लागत, म्हणून मी हळूहळू बोलायचंच सोडून दिलं. गोलीकाकांना मात्र ते सोयीचं वाटे.

"तू बोलत नायस ते बरं आहे, बाय," ते म्हणत. "बोलणाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की डोळे त्याच्या तोंडाकडे जातात."

रोज संध्याकाळी सराव बघायला ते मैदानात उतरत नसत, गॅलरीतच थांबत. आपण जवळ असलो की पोरं आपल्याला दाखवायला मारतात, असं त्यांचं म्हणणं. लांबून बघितलं की माणूस एकटा असताना कसा आहे ते दिसतं. मी पुस्तक घेऊन दारात बसे, ते कठड्याशी उभे असत. आमच्यात तासन्‌तास एक शब्द होत नसे. त्या घरगर्दीत मला तेवढीच एक शांत जागा होती. आता मी दादरला राहते. इथली गॅलरी रुंद आहे, पण तिथून समोरच्या इमारतीची धुणी तेवढी दिसतात.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही नक्की काय बघता? ते म्हणाले, "उभा पाय." मला कळलं नाही. मग त्यांनी गॅलरीतच करून दाखवलं. "हा मारतो तो उजवा. सगळं मैदान याच्याकडे बघतं. पण बॉलच्या बाजूला जो रोवायचा तो डावा. तो हलला तर उजव्याने काय मारणार, कपाळ?" वय झालेलं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका पायावर उभे राहून ते मला समजावत होते. आतून काकी म्हणाल्या, "पडशात. मगे माका दोन्ही पाय चेपूचे लागतीत."

टीममधली मुलं पूर्वी अनवाणी खेळत. कोकणातून आलेली पोरं, शेताच्या बांधांवर वाढलेली, त्यांना बूट म्हणजे शिक्षाच. मग बूट सक्तीचे झाले आणि काकांची पंचाईत झाली. अनवाणी पायाची बोटं त्यांना वाचता येत. जमीन घट्ट धरणारी बोटं आणि नुसती टेकलेली बोटं यांतला फरक ते तिसऱ्या मजल्यावरून सांगत. "बूट आल्यापासून अर्धा माणूस झाकला गेला," असं ते खंतावून म्हणत, आणि मग मान पुढे काढून आणखी निरखून बघत.

माणसाच्या भरवशाची पारख पेनल्टीपुरती राहिली नव्हती. चाळीत कोणाच्या मुलीला स्थळ आलं की गोलीकाकांना चहाला बोलावत. पहिल्या मजल्यावरच्या तावड्यांकडे मुलगा बघायला आला, तेव्हा मी आईबरोबर तिथे होते. काका कोपऱ्यात गप्प बसले होते. उठायच्या वेळी त्यांनी मुलाला सांगितलं, "जरा ती माळ्यावरची लोणच्याची बरणी काढून दे रे." मुलगा बिचारा नव्या पँटीत स्टुलावर चढला. बरणी काढून त्याने काकांच्या हातात दिली आणि खाली उतरला. मंडळी गेल्यावर काका म्हणाले, "बरणी सोडायच्या आधी त्याने माझा हात बघितला, नीट धरलीय का. द्या मुलगी."

हे ऐकून काकी म्हणाल्या, "आणि बरणी फुटली असती तर? चेडू पण गेला असता नि लोणचा पण." मग जरा थांबून, "माका बघूक इलात तेव्हा काय बघितलात?"

"तेव्हा मी गोली होतो," काका म्हणाले. "गोलीला निवडता येत नाय. समोर येईल ते घ्यायचं."

काकी हसल्या, पण त्या रात्री काकांना म्हणे आमटीत मीठ मिळालं नाही.

दत्तू हा काकांनी निवडलेला शेवटचा माणूस. काकांच्याच गावाकडचा, उंच, सुकडा, मान जराशी पुढे काढून चालणारा. गिरणीच्या घडीखात्यात त्याला नोकरी होती ती फुटबॉलमुळे. गावाला विधवा आई आणि दोन बहिणी. तो तळमजल्यावर गाववाल्यांच्या खोलीत राही. त्याचा उभा पाय काकांना पहिल्याच दिवशी आवडला होता. बूट आले तेव्हा काकांनी त्याला आमच्या गॅलरीत बूट घालून चालायला लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोज. खालच्या मजल्यावरून ओरडा येई, "घोडा पाळलाय काय रे वर?" दत्तू लाजून थांबे. काका म्हणत, "तू चाल. घोडा तर घोडा." त्यानंतर दत्तूने पेनल्टी चुकवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बॉल ठेवायचा, पुन्हा हात लावायचा नाही, वर बघायचं नाही, मारायचा. गॅलरीतून ते बघताना काकांचा श्वास सुटल्याचा आवाज मला ऐकू येई.

मग तो हिवाळा आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशा बातम्या येऊ लागल्या आणि गिरणगाव पेटलं. आमच्या जिन्यावर घोषणा खडूने लिहिलेल्या असत. कधी शाळा बंद, कधी कर्फ्यू, कधी संध्याकाळी अश्रुधुराचा वास परळपर्यंत येई आणि आई ओली फडकी दारांच्या फटींत कोंबे. काका सभांना जात, पण परत येऊन त्यांची तक्रार एकच: "व्यासपीठावर टेबल ठेवतात. पुढाऱ्यांचे पाय दिसत नाय." गिरणीत मात्र वातावरण वेगळं होतं. मोर्चात दिसलेल्या दोघा विणकरांना कामावरून काढलं होतं. अप्पा ते घरात हळू आवाजात सांगत आणि खिडकी लावून घेत.

त्याच दिवसांत गिरण्यांच्या कपाची शेवटची मॅच आमच्या मैदानावर ठरली. मॅचच्या दोन दिवस आधी फोर्टात मोर्चावर लाठी चालली. संध्याकाळी दोन मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून दत्तू जिना चढून वर आला. काकांनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. चाळीत दिवसाउजेडी दार लावणं हीच एक बातमी असते, म्हणून काकी पुन्हा बाहेर येऊन उगाचच तांदूळ निवडत बसल्या. आमच्या दोन खोल्यांमध्ये लाकडी पार्टिशन होतं. मला आंबेहळदीचा वास आला, आणि आवाजही.

"घोट्यावर बसली," दत्तू म्हणत होता. "डाव्या. काका, मी खेळत नाय. आजारी पडलो म्हणून सांगतो."

"आजारी पडलास तर गिरणीचा डॉक्टर येणार. डॉक्टर आला की पाय बघणार. हा वळ बघून आंधळ्याला पण कळेल लाठी आहे."

"मग?"

"मग खेळायचं. बॉलच्या मागे धावू नकोस, कडेला राहा. बूट घट्ट बांध, तेवढा तरी बुटाचा उपयोग."

थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज आला. मग दत्तूने विचारलं, "आणि पेनल्टी मिळाली तर?"

काकांनी घमेलं बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नाय मिळणार."

जे त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं असं काही ते ठामपणे सांगताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मॅचच्या दिवशी गॅलरीला माणसं मुंग्यांसारखी चिकटली होती. काका खाली रेषेबाहेर, पंचा उजव्या खांद्यावर. दत्तू कडेकडेने खेळत होता. माझ्याशेजारचा एकजण म्हणाला, "आज याला काय झालंय? नवरीसारखा चालतोय." दोन्ही बाजूंना गोल नव्हता. आणि अगदी शेवटी, अंधारून येताना, आमच्या खेळाडूला गोलसमोर पाडलं आणि पेनल्टी मिळाली.

सगळी चाळ ओरडली. मी कठडा धरला. कॅप्टनने काकांकडे बघितलं. काकांनी पंचा खांद्यावरून काढला. त्याने मान पुसली, कपाळ पुसलं. इतक्या उंचावरूनही मला दिसलं की पंचा त्यांच्या दोन्ही हातांत आहे, कुठल्याच खांद्यावर नाही. मग त्यांनी तो पुन्हा उजव्या खांद्यावर टाकला.

दत्तूने बॉल ठेवला. पुन्हा हात लावला नाही. धावत आला, डावा पाय बॉलच्या बाजूला रोवला, आणि तो पाय त्याच्याखालून निघून गेल्यासारखा वाकला. बॉल घरंगळत गोलीच्या हातांत गेला. लहान मुलाला खेळवताना ढकलतात तसा. पुढच्याच मिनिटाला समोरच्या टीमने गोल केला आणि कप गेला.

गॅलरीतली माणसं कठड्यावरून मागे सरली. मग मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "विकला."

तेवढा एक शब्द पुरला. दिवेलागणीपर्यंत दत्तूने पैसे खाल्ले हे सगळ्यांना पाठ झालं होतं. कोणी म्हणे समोरच्या टीमचा माणूस त्याला लालबागच्या हॉटेलात भेटला होता, कोणी म्हणे त्याच्या बहिणीचं लग्न निघालंय. नळावर त्याची कळशी पुन्हा पुन्हा रांगेच्या मागे ढकलली जाऊ लागली. गिरणीचे सेक्रेटरीसाहेब खेळाचं खातं बघत. त्यांनी रविवारी सकाळी दत्तूला आणि काकांना मैदानाच्या क्लबात बोलावलं. खरं सांगितलं तर मोर्चात होता म्हणून नोकरी जाणार, गप्प बसला तर मॅच विकली म्हणून जाणार. दत्तूला तिसरी वाट नव्हती.

शनिवारी काका गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मैदान रिकामं होतं, तरी ते तिकडेच बघत होते.

"बाय, साहेब मद्रासकडचा. त्याला मराठी येत नाय, मला इंग्रजी येत नाय. उद्या माझ्याबरोबर येशील?"

"अप्पांना सांगा ना," मी म्हणाले.

"अप्पांना नको. त्यांना त्या ऑफिसात रोज बसायचंय. तू फक्त माझं बोलणं पलीकडे पोचव. बरं-वाईट काय असेल ते माझं."

मी रात्रभर तोंडातल्या तोंडात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. परक्या पुरुषांसमोर मी कधी नावसुद्धा मोठ्याने सांगितलं नव्हतं.

क्लबाच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडे साहेब आणि कॅप्टन, अलीकडे आम्ही. दत्तू पायात बूट घालून आला होता. डावा बूट उजव्याहून मोठा आणि काळपट होता, दुसऱ्या कोणाचा तरी मागून आणलेला. साहेब सभ्य माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, मगच प्रश्न विचारला: असा फटका कसा काय मारला गेला?

मी मराठीत सांगितलं. दत्तूने तोंड उघडलं, पण त्याआधी काका बोलले. "मी सांगितलं होतं तसा मारला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते साहेबाकडे बघत होते. "सांग त्यांना," ते म्हणाले. "समोरचा गोली शिटीबरोबर उडी घेतो असा माझा अंदाज होता. म्हणून मीच दत्तूला बोललो, सरळ मध्ये मार, हळू मार, तो बाजूला पडलेला असेल. गोली हलला नाय. चूक माझी."

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. कॅप्टन खाली बघत होता. त्याला बहुधा कळलं होतं.

साहेबाने विचारलं, "इतकी वर्षं हे गृहस्थ चुकले नाहीत, असं मी ऐकतो. मग या वेळी कसे चुकले?"

"म्हातारा झालो," काका म्हणाले. "बुटांमुळे आता पहिल्यासारखं कळत नाय. नजर गेली म्हणा."

हे पलीकडे पोचवायला मला वेळ लागला. साहेबाला वाटलं मी शब्द शोधते आहे. तो म्हणाला, सावकाश सांगा, घाई नाही.

मग त्याने दत्तूकडे बघून विचारलं, पायाला काही दुखापत वगैरे आहे का? मी तेही मराठीत आणलं.

"पाय ठणठणीत आहे," काका म्हणाले. "चालवून बघा."

दत्तू उठला आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. आमच्या गॅलरीत चालायचा तसाच, खाड खाड बूट वाजवत. परत येताना त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. काका त्याच्याकडे बघतच नव्हते. माणसाच्या पायांकडे न बघणारे गोलीकाका मी त्याच दिवशी पाहिले.

दत्तूची नोकरी राहिली, टीममधली जागाही राहिली. काकांना यापुढे मैदानावर येण्याची तसदी घेऊ नये असं सांगण्यात आलं. तेही मीच त्यांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि साहेबाला नमस्कार केला.

चाळीने दत्तूवरचा राग काढून काकांवर ठेवला, पण राग लवकर विरला आणि थट्टा उरली. मुलं खांद्यावर टॉवेल टाकून उजवा-डावा करत जिन्यात खेळत. कोणी विडी आधी कुठल्या टोकाने पेटवू म्हणून विचारी. काका हसत. त्यांना लागलं ते वेगळंच. तावड्यांच्या धाकट्या मुलीचं ठरत होतं, मुलगा बघायला आला, खाली चहाचे कप वाजले. काका धुतलेला सदरा घालून, केस चापून खोलीत बसून होते. कोणी बोलवायला आलं नाही. संध्याकाळी त्यांनी सदरा काढून खुंटीला टांगला. काकी मला म्हणाल्या, "तेंका दिसता ता आपणाक दिसणा नाय, ह्या लोकांका माहीत हा. तरी पण बघ." त्यानंतर त्यांना कोणीच काही विचारलं नाही, स्थळ नाही, भाडेकरू नाही, नवा नोकर नाही. सरावाच्या वेळी मात्र ते कठड्याशी येत, आणि बॉलकडे पाठ करून आमच्या दाराकडे तोंड करून उभे राहत.

अशाच एका संध्याकाळी मी विचारलं, "पंचा डाव्या खांद्यावर का नाही घेतलात?"

"घेतला असता तर सगळं मैदान बोललं असतं, दत्तू का नाय? मग पायाचं बाहेर आलं असतं." त्यांनी मान हलवली. "हे मी स्वतःला सांगतो. पण तसं नाय. बाय, त्या वेळी मला वाटलं, तो मारील."

"पाय सुजलेला असताना?"

"जन्मभर लोकांना सांगत आलो, वाटण्यावर जाऊ नका, बघा. त्या दिवशी मी बघितलं नाय. पोर आपलं आहे, मारील, असं वाटलं." वाकडी करंगळी त्यांनी दुसऱ्या हाताने धरली. "म्हणून तू साहेबाला जे सांगितलंस ना, ते अगदीच खोटं नव्हतं. उगाच जीवाला लावून घेऊ नकोस."

ते मला धीर देत होते, हे कळल्यावर मी आत निघून गेले.

काही वर्षांनी त्यांची नोकरी संपली आणि ती दोघं गावी जायला निघाली. तिथे वर्षभरातच काका गेले. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत मोर्चेवाल्यांचे हारतुरे झाले. दत्तूच्या गळ्यात हार पडला तसा तो काढून त्याने हातात घेतला आणि सगळ्यांसमोर घोट्याची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तावडेवहिनी पदर तोंडाला लावून रडल्या. दत्तूने तो हार काकींना पोस्टाने पाठवला, पण तो पोचेपर्यंत फुलांचा चुरा झाला असणार.

पण काकांचा विषय निघाला की मला भाऊचा धक्काच दिसतो. सकाळची वेळ, बोट लागलेली, धक्क्यावर ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या रिकाम्या करंड्या. चाळीतले बरेचजण पोचवायला आले होते. माणूस जाताना पोचवायचं ही रीत कोणी मोडत नाही. दत्तूच्या खांद्यावर काकांची ट्रंक होती आणि तो ती खाली ठेवायला तयार नव्हता. कोणीतरी म्हणालं, "काका, बोट उजवीकडून जाईल की डावीकडून, सांगून ठेवा." सगळे हसले. काकाही हसले, आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी घडी करून काखेत धरला.

त्या दिवसांत माझंही लग्न ठरत होतं. दादरचा मुलगा, विमा कंपनीत नोकरीला. दोनदा घरी येऊन गेला होता. अप्पांना पसंत होता, आईला पसंत होता, मला कोणी विचारलं की मी मान खाली घालत असे. दुसऱ्या खेपेला तो जिना चढून आला तेव्हा काका कठड्याशी होते. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्याला बोलावलेलं नाही म्हणून आत गेले.

काकी फळीवरून बोटीवर चढल्या. काकांनी अप्पांना, आईला नमस्कार केला, दत्तूच्या पाठीवर हात ठेवला आणि वळले. एक पाय फळीवर होता. माझ्या आजूबाजूला सगळी चाळ उभी होती.

"काका, थांबा," मी म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने निघालं की पलीकडचे हमालही वळले. "दादरच्या मुलाला तुम्ही बघितलंय. अप्पांना मी अजून हो म्हटलेलं नाही. तो भरवशाचा आहे का, ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी ऐकणार आहे."